दर्शनबारीत पावलांवर वीज बनवणाऱ्या टाइल बसवाव्यात का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही एका देवीच्या देवस्थानाचे विश्वस्त आहात. नवरात्रात रोज वीसेक हजार भाविक येतात, मंगळवारी-शुक्रवारी तीनेक हजार आणि एरवी पाचशेच्या आसपास. एका विक्रेत्याने दर्शनबारीत ३० टाइल बसवायचं साडेसात लाखांचं कोटेशन दिलं आहे. पाय पडला की टाइल दबते, वीज तयार होते, ती बॅटरीत साठते आणि त्यावर सभामंडपाचे दिवे लागतात, असं त्यात लिहिलं आहे. मंडळातल्या तरुणांना कल्पना आवडली आहे, आणि एवढी पावलं रोज पडतात तर ती वाया का घालवायची, असं तुम्ही विचारलं आहे.

उत्तर आधी सांगतो: विजेसाठी म्हणून या टाइल घेऊ नका. पण तेवढं सांगून तुमचं काम होणार नाही, कारण मंडळाच्या बैठकीत तुम्हाला हे पटवून द्यायचं आहे. म्हणून हिशेब सविस्तर मांडतो. मी गेली चोवीस वर्षं इन्व्हर्टर, बॅटरी आणि सोलर याच कामात आहे. या टाइल मी स्वतः उघडून पाहिल्या आहेत, टेबलावर मोजल्या आहेत आणि एका शाळेत बसवूनही बघितल्या आहेत.

मुळात गोंधळ होतो तो वॅट आणि युनिट यांत. तुमच्या कोटेशनमध्ये "प्रत्येक टाइल ५ वॅट" असं लिहिलं आहे. ते खोटं नाही. पाय पडून टाइल दबत असते त्या अर्ध्या सेकंदापुरते खरोखर पाच वॅट मिळू शकतात. मग पुढचं पाऊल पडेपर्यंत काही नाही. वॅट म्हणजे वीज मिळण्याचा वेग आणि ज्यूल म्हणजे एकूण मिळालेली ऊर्जा. पाच वॅट अर्धा सेकंद म्हणजे अडीच ज्यूल. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तुम्ही वॅट विसरून फक्त ज्यूल मोजायला लागलात, की अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतात.

आता एका पावलात जास्तीत जास्त किती ज्यूल असू शकतात? यासाठी कुठलीही कंपनी, कुठलंही पेटंट बघायची गरज नाही. दाब गुणिले दबलेलं अंतर, एवढंच सूत्र आहे. साठ किलोच्या माणसाचं वजन म्हणजे साधारण ६०० न्यूटन (न्यूटन हे दाबाच्या जोराचं माप). टाइल ५ मिलीमीटर दबली तर ६०० गुणिले ०.००५, म्हणजे ३ ज्यूल. एक लिटरची पाण्याची बाटली जमिनीवरून फूटभर वर उचलायला जेवढं काम लागतं, तेवढंच हे. टाइलच्या आत काहीही बसवा, स्प्रिंग-गिअर-डायनॅमो असो नाहीतर सिरॅमिकच्या चकत्या, तीन ज्यूलच्या वर काही निघणार नाही. चालताना टाच आदळते तेव्हा क्षणभर वजनापेक्षा थोडा जास्त दाब येतो, पण त्याने गणित पालटत नाही. "तंत्रज्ञान सुधारतंय, पुढच्या वर्षी जास्त वीज मिळेल" असं विक्रेता म्हणेल. सुधारणा झाली तर तीनपैकी दोन ज्यूल मिळायचे तिथे अडीच मिळतील. तिनाचे तीस होणार नाहीत.

माझ्या टेबलावरचे आकडे सांगतो. स्प्रिंग आणि गिअरवाली एक टाइल मी ऑसिलोस्कोपला (क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) जोडून, ठरावीक लोड लावून मोजली होती. माझा बासष्ट किलोचा सहकारी सरळ चालत गेला तेव्हा पावलागणिक १.६ ते २.२ ज्यूल मिळाले. मग त्याला म्हटलं, रांगेत उभा आहेस असं समज आणि पुढचा सरकला की तूही सरक. तेव्हा ०.६ ते ०.९ वर आलं. दर्शनबारीत माणूस टाच आपटत चालत नाही. तो अनवाणी असतो, पाय घासत अर्धं पाऊल पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. तरीही तुमच्यासाठी मी पावलाला पूर्ण दोन ज्यूल धरतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हिशेब मुद्दाम कमी लावला.

नवरात्रातला दिवस घ्या. २० हजार भाविक, प्रत्येक जण तीसही टाइलवर एकेकदा पाय देतो. म्हणजे ६ लाख पावलं, १२ लाख ज्यूल. ३६ लाखांनी भागा: एक तृतीयांश युनिट. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवसाची ही कमाई. त्यावर नऊ वॅटचे तीन-चार एलईडी बल्ब रात्रभर लागतील, तेसुद्धा बॅटरीतली तूट धरली नाही तर.

आता वर्ष घ्या. नवरात्राचे नऊ दिवस मिळून १ लाख ८० हजार, मंगळवार-शुक्रवार मिळून शंभरेक दिवसांचे ३ लाख, उरलेल्या अडीचशे दिवसांचे सव्वा लाख. वर्षाला सुमारे ६ लाख भाविक, १ कोटी ८० लाख पावलं, ३ कोटी ६० लाख ज्यूल. म्हणजे १० युनिट. हे आठवड्याचे किंवा महिन्याचे नाहीत, वर्षाचे आहेत. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला शंभर रुपये, आणि त्यासाठी साडेसात लाख.

मंडळात कोणी म्हणेल की तुम्ही माणसं कमी धरलीत, मोठ्या गर्दीत जमेल. म्हणून दोन मोठी उदाहरणं देतो. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये एप्रिल २०१३ मध्ये शाँझ-एलिझे रस्त्यावर लंडनच्या पेव्हजेन कंपनीच्या १७६ टाइल टाकल्या होत्या. त्यावरून हजारो धावपटू गेले, आणि धावणाऱ्याचा पाय चालणाऱ्यापेक्षा जोरात पडतो. त्या दिवशी तयार झालेली वीज म्हणून जाहीर झालेला आकडा होता ४.७ युनिट. दोन-तीन खोल्यांच्या घराला एक दिवस पुरेल एवढी.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. दर आषाढीच्या सुमारास मला कोणी ना कोणी विचारतं, पालखीमार्गावर या टाइल घातल्या तर? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पाऊल ६५ सेंटिमीटरचं धरलं तर एका वारकऱ्याची होतात ३ लाख ८५ हजार पावलं. पूर्ण मार्गावर, एकही पाऊल न चुकता, प्रत्येक पावलाखाली टाइल आहे असं समजा. एका वारकऱ्याच्या अख्ख्या वारीतून मिळतात ७ लाख ७० हजार ज्यूल, म्हणजे युनिटचा पाचवा हिस्सा. घरातला जुना पंखा त्यावर पावणेतीन तास फिरेल. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा दोनदा तपासला, कारण मलाही खरं वाटलं नव्हतं. पायी चालणं ही माणसासाठी केवढी मोठी गोष्ट आहे आणि विजेच्या मापात ती किती लहान आहे, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

आणि ही वीज फुकट नाही, हेही मंडळात सांगा. ती भाविकाच्या पायातून येते. टाइल पाच मिलीमीटर खाली गेली की पुढचं पाऊल टाकताना त्याला स्वतःला तेवढं वर उचलावं लागतं. वाळूत चालताना दम लागतो त्याच जातीचं हे आहे, फक्त प्रमाण कमी. टाचेच्या धक्क्यात थोडी ऊर्जा तशीही वाया जाते, ती टाइलने घेतली तर कोणाचं काही जात नाही. पण टाइल जितकी जास्त दबेल तितका भार स्नायूंवर येतो. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामाला लावतात. त्या हिशेबाने एक युनिट वीज पायांनी तयार करायची तर अन्न लागतं सुमारे ३,४०० किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीच्या किमान वीस भाकऱ्या. एका युनिटसाठी वीस भाकऱ्या! गतिरोधकाखाली यंत्र बसवून वीज काढायच्या योजना येतात, त्यांचंही असंच आहे. तिथे भाकरीच्या जागी गाडीवाल्याचं पेट्रोल जातं.

विक्रेत्याच्या कागदावर आणखी एक गोष्ट नसते. टाइलमधून येणारी वीज तुटक-तुटक असते, तिला नीट बॅटरीत भरायला चार्ज कंट्रोलर लागतो आणि सभामंडपाचे २३० व्होल्टचे दिवे लावायचे तर बॅटरीची वीज त्या रूपात आणणारा इन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, एकही दिवा लावला नाही, तरी तो स्वतःसाठी दहा-एक वॅट खातो. आता बघा: नवरात्रात सोळा तास अखंड रांग चालली तर तुमच्या तीस टाइल मिळून सरासरी एकवीस वॅट देतील. पाचशे भाविकांच्या साध्या दिवशी सरासरी निघते अर्धा वॅट. म्हणजे वर्षातले अडीचशे दिवस इन्व्हर्टर टाइलपेक्षा वीसपट वीज खाणार आणि ती बॅटरीतून, नाहीतर महावितरणच्या मीटरमधून येणार. थेट १२ व्होल्टचे दिवे लावले तर ही गळती बरीच कमी होते, हे मान्य. पण मग सभामंडपाचं सगळं वायरिंग बदलावं लागेल.

हे प्रात्यक्षिकात कधी दिसत नाही, कारण प्रात्यक्षिकाला बॅटरी आधीच भरलेली असते. एका मॉलच्या दारात अशा टाइल आणि समोर दिव्यांचा फलक लावला होता. बंद पडला म्हणून मला बोलावलं. काउंटरखाली वाकून बघतो तर फलकाला बारा व्होल्टचा अडॅप्टर जोडलेला, आणि तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये. अडॅप्टर जळला होता एवढंच. टाइल फक्त "पाय पडला" हा इशारा देत होत्या, दिवे लागत होते मॉलच्या नेहमीच्या विजेवर. लहान मुलं त्यावर उड्या मारून आपण दिवा लावला म्हणून आनंदाने ओरडत होती. मला ते मनापासून खटकलं, आजही खटकतं.

रिओ द जानेरोच्या मोरो दा मिनेइरा या वस्तीतलं फुटबॉल मैदान लोक नेहमी दाखवतात. २०१४ मध्ये तिथे शेल कंपनीच्या मदतीने गवताखाली २०० टाइल घातल्या, उद्घाटनाला पेले स्वतः आले होते. मैदान छान झालं, वस्तीतल्या पोरांना रात्री खेळता यायला लागलं, मला त्याबद्दल आदरच आहे. पण मैदानाशेजारी सोलर पॅनलही बसवले होते, आणि फ्लडलाइटचा भार वाहायला तेच लागतात. बातमीच्या मथळ्यात मात्र पावलं येतात. टोकियो स्टेशनच्या तिकीट गेटपाशी जेआर ईस्ट या जपानी रेल्वे कंपनीने २००६ आणि २००८ मध्ये हेच करून पाहिलं, रॉटरडॅमच्या क्लब वॉटमध्ये २००८ मध्ये नाचायची फरशी केली. एवढ्या दाट गर्दीच्या ठिकाणीही त्यांतून कुठे स्टेशन चाललं नाही की क्लबचं बिल शून्य झालं नाही.

तुमच्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी "आम्ही हे दीड हजारात करून देतो" असं सांगितलं आहे, त्याबद्दलही लिहितो, कारण ती मुलं मन लावून काम करणारी दिसतात. ते वापरतील बझरमधल्या पितळी चकत्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्या किरकोळ किमतीत मिळतात. पितळेच्या पातळ चकतीवर पांढऱ्या सिरॅमिकचा थर असतो. त्यावर दाब आला की दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत शोधला. मल्टिमीटर लावला की बोटाच्या टिचकीने वीस-तीस व्होल्ट दिसतात आणि पोरं हरखून जातात. पण व्होल्ट दिसले तरी प्रवाह नावापुरता असतो. सिरॅमिक कडक, ते मिलीमीटरच्या हजाराव्या भागात दबतं, आणि वरचं सूत्र आठवा: अंतरच नाही तर काम कुठून होणार?

मी एकदा अशा बारा चकत्या समांतर जोडल्या, ब्रिज रेक्टिफायर (उलटसुलट येणारी वीज एकाच दिशेला वळवणारा भाग) लावला आणि १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या भागात, वीज भरली. शंभर पावलांनंतर कपॅसिटरवर चार व्होल्ट. म्हणजे शंभर पावलांचे मिळून ८ मिलिज्यूल (मिलिज्यूल म्हणजे ज्यूलचा हजारावा भाग). त्यावर एक साधा लाल एलईडी पूर्ण उजेडाने लावला तर एक सेकंदाच्या आठव्या भागात विझतो, डोळ्याला फक्त एक लुकलुक दिसते. स्प्रिंगवाल्या टाइलच्या तुलनेत हे पावलागणिक पंचवीस हजार पटींनी कमी आहे. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये पारादिसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम फार निगुतीने, बुटाच्या टाचेत खास घडवलेलं सिरॅमिक बसवून केलं, तेव्हा चालताना सरासरी ८.४ मिलिवॅट मिळाले. आपल्या चकत्यांपेक्षा खूपच चांगलं, तरी दिव्याच्या कामाचं नाही.

मुलांना एवढं जरूर सांगा: चकती पूर्ण सपाट चिकटवू नका. कडेने आधार द्या आणि मध्यभागी रबराच्या छोट्या गोळीने दाब येऊ द्या, म्हणजे ती वाकेल. पण खाली अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवू नका, नाहीतर सिरॅमिकला तडा जातो. पांढऱ्या बाजूला वायर जोडताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा. जास्त वेळ धरलं की चांदीचा थर उचकटून येतो आणि चकती कामातून जाते. आणि सगळ्या चकत्या एकमेकींना थेट जोडू नका. एकीवर पाय पडतो तेव्हा शेजारची मोकळी असते, दाबलेलीची वीज मोकळीत जाते. प्रत्येक चकतीला स्वतःचा ब्रिज द्या.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वाटते ती सांगतो. वीज कमी मिळाली तर पैसे गेले, एवढंच. पण देवळाच्या रांगेत हलणारी फरशी ही वेगळी गोष्ट आहे. टाइल दबायची तर तिच्या चारी बाजूंनी फट हवी. देवीच्या देवळात त्या फटीत काय जाईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: कुंकू, हळद, तेल, नारळाचं पाणी, फुलांच्या पाकळ्या, आणि रोज रात्री फरशी धुतल्याचं पाणी. शाळेत बसवलेल्या माझ्या दोन टाइलच्या फटीत तीन दिवसांत बुटांचा चिखल भरला आणि एक टाइल खालीच अडकून बसली. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ती दाबलेलीच आहे, मग तिच्यातून वीज येतच राहायला पाहिजे ना?" फार चांगला प्रश्न होता. तिला जिन्यावर नेलं आणि दप्तर हातात धरून नुसती उभी राहा म्हटलं, मग तेच दप्तर घेऊन एक पायरी चढ म्हटलं. नुसत्या वजनाने काम होत नाही, वजन हललं तरच होतं. तुमच्या दर्शनबारीत माणसं बहुतेक वेळ उभीच असतात, हेही त्यातच आलं.

पण मुद्दा अडकलेल्या टाइलचा आहे. एक टाइल खाली, शेजारची वर, मध्ये पाच-सहा मिलीमीटरची धार. एकट्या माणसाला ती ठेच लागण्यापुरती. रेटारेटीत, मागून लोक ढकलत असताना, गुडघे दुखणाऱ्या आजींच्या पायाखाली ती धार नको. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीला जे झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, माणसं घसरली, आणि चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे जीव गेले. रांगेच्या वाटेवरची फरशी घट्ट, सपाट आणि खरखरीत असावी. तिथे हलणारं काहीही बसवायला माझा ठाम विरोध आहे, वीज दहापट मिळत असती तरीही.

मग या टाइल कुठे चालतात? जिथे वीज नको, इशारा हवा आहे तिथे. एखाद्या दाबाने दोन-चार मिलिज्यूल मिळाले तरी एक छोटा रेडिओ संदेश पाठवता येतो. जर्मनीच्या एनओशन कंपनीची बिनबॅटरीची, बिनवायरची बटणं याच तत्त्वावर चालतात. बोटाने दाबलं की त्या दाबाच्याच ऊर्जेवर संदेश जातो आणि दिवा लागतो. पायाखालची पट्टी याच रीतीने माणसं मोजू शकते. रांगेत आत्ता किती माणसं आहेत हा आकडा देवस्थानासाठी कुठल्याही युनिटपेक्षा मोलाचा आहे. पण त्यासाठीही पट्टी दाराच्या चौकटीपाशी, न हलणारी, पातळ अशी हवी, आणि तुमच्याकडे कॅमेरे आधीच असतील तर त्यांवरून मोजणं जास्त सोपं पडेल. दुसरी जागा शाळा किंवा विज्ञान केंद्र. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात एक टाइल, शेजारी ज्यूल दाखवणारा आकडा, आणि एक युनिट व्हायला अजून किती पावलं हवीत तो फलक. ऊर्जेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. त्या इंजिनिअरिंगच्या मुलांना देवस्थानाने दोन-तीन हजार देऊन हे काम सांगावं, अशी माझी विनंती आहे.

साडेसात लाख जमा असतील आणि विजेचंच काही करायचं असेल, तर पहिली नजर पंख्यांकडे टाका. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तीसेक वॅट. बारा तास चालणारा एक पंखा बदलला की दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त बचत. म्हणजे नवरात्रातल्या वीस हजार भाविकांनी तीस टाइलवर चालून जेवढी वीज दिली असती, त्यापेक्षा जास्त. एक पंखा तीन हजारांच्या आसपास येतो. सभामंडप आणि भक्तनिवास मिळून वीस पंखे असतील तर दिवसाला दहा युनिट वाचतात, म्हणजे टाइलची वर्षाची कमाई एका दिवसात.

त्यानंतर सोलर. आपल्याकडे एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. साडेपाचशे वॅटचा एकच पॅनल दिवसाला दोन युनिट देतो आणि छतावर अडीच-पावणेतीन चौरस मीटर जागा घेतो. तो हलत नाही, त्यात कुंकू अडकत नाही. पंधरा दिवसांनी पुसला की झालं. यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आहेत: मंदिराचं शिखर किंवा झाडं सावली टाकतात का, इमारत जुनी दगडी असेल तर पुरातत्त्व खात्याची अट आहे का, छत कौलांचं आहे की स्लॅबचं. बहुतेक ठिकाणी मी मंदिराला हात न लावता भक्तनिवासाच्या किंवा पार्किंगच्या शेडवर पॅनल बसवतो आणि नेट मीटरिंग घेतो, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला जाते आणि बिलातून वजा होते.

विक्रेत्याला नाही म्हणायचं तर भांडायची गरज नाही. त्याला एकच लेखी हमी मागा: मीटरवर मोजून वर्षाला किती युनिट मिळतील, आणि तेवढी मिळाली नाहीत तर काय. वॅट नको, व्होल्ट नको, "किती दिवे लागतील" हे नको. फक्त युनिट. शिवाय प्रात्यक्षिक मागाल तर बॅटरी पूर्ण रिकामी करून, तुमच्यासमोर, अडॅप्टर न लावता.

आणि मला एक माहिती पाठवा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वर्षभराचे ते आकडे, मंजूर भार किती किलोवॅट आहे तो, आणि भक्तनिवासाच्या छताची लांबी-रुंदी, एवढं कळवलंत तर किती पॅनल बसतील आणि नवरात्रातला दिव्यांचा भार त्यात कितपत निघेल, हे आकड्यांत लिहून देतो.